गारेनच्या पाठीवरचा कॅमेरा

गारेनला तुम्ही कधी भेटलात तर ती आधी तुमच्या बुटांकडे बघेल, मग हातमोज्यांकडे, आणि शेवटी वाटलं तर तोंडाकडे. बूट बरे नसले तर तोंडापर्यंत यायचे कष्ट ती घेत नाही. ती माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी. गावात कुणालाही विचारा, 'खडूस बाई' हेच उत्तर मिळेल. खडूस आहेच ती, मला काय सांगता! पण तिची गोष्ट दुसरं कुणी सांगायला लागलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. लोकांना एवढंच माहीत असतं की गारेननं आपल्या थोरल्या बहिणीला चार वर्षं फसवलं. फसवलं, हे खरं आहे. पण फसवणारीच्या झोपडीत एक दिवस बसून बघा म्हणावं, मग बोला.

तिचा जन्म पठारावरच गेला. हिवाळाभर आमची रेनडियर तिथं बर्फ उकरून शेवाळ खातात, वसंतात त्यांना उत्तरेला समुद्राकडे न्यायचं, आणि पानं पिवळी पडली की परत आणायचं. ध्रुवाजवळच्या आम्हा सामी लोकांत ज्यांच्याकडे अजून जनावरं आहेत त्यांचं वर्ष असं जातं. बाकीचे आम्ही गावात नोकऱ्या करतो आणि त्यांच्याकडून मांस विकत घेतो. गारेनचं लग्न एकदा झालं होतं. नवरा समुद्रकाठचा. दोन हिवाळे त्यानं पठारावर काढले आणि मग म्हणाला की इथं वाऱ्याशिवाय कानावर काही पडत नाही, मला वेड लागेल. गेला निघून. त्याच्याबद्दल विचारलं तर ती म्हणते, बरा होता, पण त्याला मासे जास्त आवडायचे. पुढे काही बोलत नाही. मूलबाळ झालं नाही. तिच्या झोपडीत ती, चाप्पे नावाचा काळा कुत्रा आणि एक खरखरणारा रेडिओ, एवढीच वस्ती.

थोरली राव्दना म्हणजे अगदी दुसरं टोक. बोलकी, भांडकुदळ, हसली की तीन घरांपलीकडे ऐकू जायचं. ती वर्तमानपत्रासाठी फोटो काढायची. पण कळप हलवायचे दिवस आले की नोकरी-बिकरी गुंडाळून ठेवून स्कूटरवर बसायची आणि पठारावर हजर. आमच्याकडे स्कूटर म्हणजे बर्फावर पळणारी, पुढे दोन घसरपट्ट्या आणि खाली रबरी पट्टा असलेली. गारेन पुढे असायची, गळ्यात घंटा बांधलेलं जनावर दोरीनं आपल्या मागे घेऊन. घंटेच्या मागे सगळा कळप. आणि कळपाच्या मागे राव्दना, पाठीला कॅमेरा बांधून, रेंगाळणाऱ्यांना शिव्या घालत.

कळप असाच न्यायचा असतो, एक जण पुढे, एक जण मागे. पुढचा वाट काढतो. मागचा जनावरं हाकतो खरा, पण त्याचं मोठं काम म्हणजे पुढच्यावर नजर ठेवणं. बर्फ फुटला आणि पुढची स्कूटर पाण्यात गेली तर दोर टाकायला मागचाच असतो. त्या दोघींच्या वडिलांच्या मागे कुणी नव्हतं. ओव्ला काका एका वसंतात एकटेच निघाले, आणि नदी तळ्याला मिळते तिथं बर्फ पातळ झाला होता. ते पाण्यातून बाहेर आले होते, स्वतःच्या हातांनी. काठावर बसलेले सापडले. ओल्या कपड्यांनी त्या वाऱ्यात माणूस किती वेळ तग धरणार? राव्दना नेहमी म्हणायची की आबा बुडून गेले नाहीत, एकटे होते म्हणून गेले.

तेव्हाच तिनं गारेनला बजावून ठेवलं होतं की ज्या दिवशी तुझ्या मागे कुणी नसेल त्या दिवशी कळप शेजारच्या टोळीला, म्हणजे पलीकडे एकत्र जनावरं राखणाऱ्या घरांना, देऊन टाकायचा. अर्ध्याहून जास्त जनावरांच्या कानांवर राव्दनाची खूण कापलेली आहे. जनावर ज्याच्या खुणेचं, शब्द त्याचा. गारेन तेव्हा हो म्हणाली. मागे राव्दना होती, मग हो म्हणायला काय जात होतं?

पुढे राव्दनाच्या कमरेचं हाड मोडलं आणि ती गावातल्या वृद्धाश्रमात राहायला आली. तिथं मी स्वयंपाक करते. मागची स्कूटर निल्लासनं घेतली. निल्लास त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, शांत, कामाला वाघ. पण चांगल्या माणसालाही बायको-संसार हवा असतो, आणि पठारावर दोन्ही मिळत नाही. तो किनाऱ्यावर मासे वाढवणाऱ्या कंपनीत लागला. गारेननं त्याला एका शब्दानं अडवलं नाही. फक्त म्हणाली, थोरल्या आत्याशी बोलशील तेव्हा पठारावरूनच बोलतोयस असं बोल. त्या बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून त्यानं थोरल्या आत्याला फोन करणंच सोडून दिलं.

मी महिन्यातून एकदा पीठ, कॉफी, रॉकेल असं सामान घेऊन गारेनकडे जाते. एकदा मी तिथं असतानाच राव्दनाचा फोन आला. त्यांचा रोजचाच फोन. कोणतं जनावर लंगडतंय, कोणती मादी गाभण दिसतेय, कोल्हा कुठं फिरकला, सगळं सविस्तर. एरवी तोंडातून चार शब्द न काढणारी ही बाई फोनवर अर्धा अर्धा तास बोलते, हे मला माहीतच नव्हतं. बोलता बोलता तिनं मान वळवली आणि म्हणाली, "निल्लास, दार लाव रे, गार वारं येतंय." मी दचकून दाराकडे बघितलं. दार लावलेलंच होतं. मला वाटलं, फोन ठेवल्यावर ती हसेल, डोळा मारेल. ती उठली, दारापाशी गेली आणि कडी नीट लागलीय का ते बघून आली. मला रडू फुटलं. तिला दिसू नये म्हणून मी स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली.

नंतर मी तिला बोललेच. म्हटलं, हे काय चालवलंयस? उद्या तुझं बरंवाईट झालं तर तुला शोधायलाही कुणाला आठवडा लागेल. सरळ दे कळप शेजाऱ्यांना आणि ये गावात.

"गावात येऊन काय करू? तुझ्याबरोबर बटाटे सोलू?"

मी म्हटलं, बटाट्यांना काय धाड भरलीय? त्यावर ती म्हणाली की बटाटे चालत नाहीत, आणि विषय संपवला. राव्दनाकडे जाऊन चुगली करायला मी काही पोलीस नव्हे. मी गप्प बसले.

मग गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात राव्दनाच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. कडेकडेचं दिसणं आधीच गेलं होतं, आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. आम्हाला वाटायचं, कमरेमुळे दारांच्या चौकटींना आपटते. आता नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल. राव्दना दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी केलेलं मांसाचं सार तसंच परत आलं, आणि ते आजवर कधी परत आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं गारेनला बोलावून घेतलं आणि कॅमेऱ्याची पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"लांबड्या तळ्यावरून कळप जाताना मला एकदा बघायचाय. मी काही येऊ शकत नाही, तर तू काढून आण. आणि समोरून काढ. जन्मभर मी मागं राहिले गं, नुसती ढुंगणं आणि शेपट्या काढल्या. समोरून आख्खा कळप मला कधी मिळालाच नाही. पहिल्या जनावरापासून शेवटच्यापर्यंत, एकही कापायचं नाही."

गारेननं आयुष्यात फोटो काढला नव्हता. ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की तो चावणार आहे. पण नाही म्हणाली नाही. राव्दनानं तिला कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि मार्चमध्ये आधी सराव करून आण म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये ती चरणाऱ्या जनावरांचे फोटो काढून घेऊन आली. थंडी तेव्हा हाडं फोडणारी होती. मी यंत्र भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दिलं, राव्दना अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसली, आणि फोटो सुरू झाले. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. तिसऱ्यात कुठं करडा डाग होता, तो जनावराचा की झुडपाचा कुणास ठाऊक. राव्दनाला वाटलं तिचे डोळे गेले. तिचा चेहरा मी बघत होते, तो एका क्षणात उतरला. मी घाईघाईनं म्हटलं की अगं मलाही असंच दिसतंय, नुसतं धुकं आहे.

तेव्हा तिच्या जिवात जीव आला आणि ती बहिणीवर उलटली. कॅमेरा कुठं ठेवला होतास, असं तिनं विचारलं. गारेन खाली मान घालून म्हणाली, छातीशी, कातड्याच्या अंगरख्याच्या आत. का? तर थंडी होती म्हणून.

आता यात हसण्यासारखं काही नाही, आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं. आमच्याकडे जे जे जपायचं ते छातीशी जातं. तान्हं मूल, आई मेलेलं कुत्र्याचं पिल्लू, गोठू नये म्हणून पाव, सगळं अंगरख्याच्या आत. गारेनला बहिणीनं तिची सगळ्यात प्रिय वस्तू दिली होती, ती ती गारठ्यात कशी ठेवणार? पण अंगाच्या उबेनं, घामाच्या वाफेनं कॅमेरा आतून-बाहेरून ओलसर झाला, आणि बाहेर काढल्याबरोबर त्या ओलीचा काचेवर बर्फ धरला. राव्दनानं हसून हसून डोळे पुसले.

"अगं बये, तो काय पिल्लू आहे? यंत्राला थंडी वाजत नाही. बाहेर गार असेल तर त्यालाही गारच राहू दे. बॅटऱ्या तेवढ्या ठेव छातीशी, त्यांना वाजते."

मग पूर्ण दुपार तिची शिकवणी चालली. मी पाव भाजता भाजता ऐकत होते. कॅमेरा स्कूटरमागे ओढायच्या घसरगाडीत टाकायचा नाही, तिथं लाकडं आणि पेट्रोलचा डबा असतो, गाडी सारखी आपटते, आतले स्क्रू ढिले होतात. पाठीवरच घ्यायचा, आणि पट्टा खांद्यांवरच नाही, पोटावरही आवळायचा, म्हणजे तो उड्या मारत नाही. उंचसखल जागा आली की सीटवर बसून राहायचं नाही, गुडघे वाकवून उभं राहायचं, दणका गुडघ्यांना खाऊ द्यायचा. गारेननं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं काय? राव्दना म्हणाली, तुझे गुडघे जुने आहेत, काच नवी आहे. पडले तर? पडलीस तर तोंडावर पड. आणि झोपडीत शिरायच्या आधी कॅमेरा बाहेरच पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड गच्च बांधायचं, मग आत नेऊन दाराजवळ ठेवायचा आणि पार गरम होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. शेकोटीपाशी तर मुळीच न्यायचा नाही.

"पाहुणा आला तरी इतकं करत नाही आपण," गारेन म्हणाली.

"तुझ्याकडे येतंय कोण?" राव्दना सहज बोलून गेली. ती चेष्टाच होती. गारेन हसली नाही.

त्यानंतर गारेननं सराव केला, तो बघायला हवा होता. कॅमेऱ्याचं पुन्हा काही होऊ नये म्हणून तिनं पिशवीत काचेची बरणी घातली, मुरंब्याची, भरलेली. ती पाठीला बांधून टेकड्यांवरून स्कूटर घालायची. मी एप्रिलच्या सुरुवातीला सामान घेऊन गेले तर बाई दारात पालथी पडलेली आणि चाप्पे तिची पाठ चाटतोय. म्हणाली, आधी दोन फुटल्या, पण आज ही जाताना शाबूत होती, परत येताना फुटली. मुरंबा माझ्या हातचा होता. मी तिला चार शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवशी आणखी बरण्या पाठवून दिल्या.

दर फोनला राव्दना विचारायची की कळप कधी हलवणार. डोळ्यांतली नळी बारीक होत चालली होती. आधी तिला खिडकीतून समोरचं चर्च मनोऱ्यासकट दिसायचं, मग नुसता मनोरा किंवा नुसतं दार. ती मला म्हणाली होती की एल्ले, तो फोटो यायच्या आत हे बंद पडलं तर माझ्यासमोर तो आणूच नकोस. मी गारेनला निरोप दिला. ती म्हणाली, गाभण माद्या आपल्या वेळेनंच निघतात, त्यांना काय डॉक्टरची चिठ्ठी दाखवू? पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

एप्रिलच्या शेवटी माद्या निघाल्या. पुढचं मी तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय, कारण ती सलग काही सांगत नाही. सकाळी सकाळी, वरचा बर्फ कडक असताना, ती लांबड्या तळ्यावर उतरली. घंटेचं जनावर दोरीनं मागे, त्याच्या मागे कळप, आणि सगळ्यात शेवटी चाप्पे, कारण मागे घालायला तिच्याकडे कुत्र्याशिवाय कुणी नाही. नदीच्या तोंडापासून ती लांबून गेली. अर्ध्या तळ्यावर बर्फाखालून आवाज आला तेव्हा ती थांबली नाही, थांबायचं नसतं. मी विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, "घाबरून सांगणार कुणाला?"

पलीकडच्या काठाला लागल्यावर तिनं घंटेचं जनावर एका झाडाला बांधलं आणि गुडघाभर बर्फातून धापा टाकत टेकडीवर चढली. आख्खा कळप मावायला उंचावर जायला हवं होतं. तिथं पाठीवरून कॅमेरा काढला. गारच्या गार होता, काच कोरडी. छातीतून बॅटऱ्या काढून घातल्या. हातमोजे काढल्यावर बोटं लगेच मेली, तरी तिनं श्वास रोखला, काचेवर फुंकर जाऊ नये म्हणून. खाली कळप तळ्यावरून येत होता, एकामागून एक, तिच्या स्कूटरच्या मागावरूनच. पहिलं जनावर काठाला लागत होतं आणि शेवटचं अजून तळ्याच्या मध्यावर होतं. तिनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि सगळं झाल्यावर तिथंच बसून राहिली. मला म्हणाली, इतकं चांगलं होतं ते, की शेजारी कुणीतरी असावंसं वाटलं. एवढं बोलून ती स्वतःच ओशाळली आणि कुत्र्यावर ओरडली.

जनावरं समुद्राकाठच्या कुरणावर पोचवून ती गावात आली तेव्हा मे उजाडला होता. तोंड उन्हानं सोलवटलेलं, कॅमेऱ्यावर ओरखडा नाही. टीव्हीवर राव्दनाला आता नीट दिसत नव्हतं, उजेडानं डोळे दुखायचे. म्हणून मी सगळ्यात चांगला फोटो गावातल्या दुकानातून टेबलाएवढा छापून आणला. काय फोटो होता! एकेक शिंग मोजून घ्यावं. मी तो घरी नेऊन रात्रभर भिंतीला टेकवून ठेवला, येता-जाता बघितला, आणि मला काहीही खटकलं नाही. मी स्वयंपाकघरातली बाई. गारेननंही तो पाहिला आणि तिलाही काही खटकलं नाही. तिला तर त्या तळ्याची सवयच झाली होती.

राव्दनाच्या खोलीत आम्ही तो टेबलावर पसरला. ती उभी राहून ओणवी झाली, नाक जवळजवळ कागदाला लागलेलं. एका वेळी तिला बशीएवढंच दिसायचं. मग ती बोट ठेवून एका टोकापासून निघाली. "ही घंटा," ती म्हणाली. "म्हातारा झाला गं हा." मग बोट सरकवत एकेकाला ओळखत गेली. ही माझ्या खुणेची, हिची आई लंगडी होती. ही तुझी. ही कुणाची पांढरी, शेजाऱ्यांची मिसळली वाटतं. मधेच थांबून गारेनच्या दंडाला चिमटा काढायची. गारेन खुर्चीवर ताठ बसली होती आणि तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखं. मला वाटलं, चला, एवढ्या एका सकाळसाठी सगळे कष्ट पावले.

बोट शेवटच्या जनावरापाशी आलं, मग कुत्र्यापाशी. "चाप्पे," ती हसून म्हणाली. बोट पुढे गेलं. पुढे नुसता बर्फ होता. ते कागदाच्या कडेपर्यंत गेलं, परत कुत्र्यापाशी आलं, पुन्हा निघालं, या वेळी जरा वरून. मला वाटलं तिचे डोळे थकले. मी म्हणणार होते की जरा बस, कॉफी घे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती निल्लासला शोधत होती.

"मागची स्कूटर कुठंय?"

गारेनचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून विझलं. ती म्हणाली की निल्लास बराच मागे राहिला होता, फोटोत मावला नाही.

"पलीकडचा काठ दिसतोय मला," राव्दना म्हणाली. "त्याच्यावरची झाडंसुद्धा दिसतायत. मधे कुणी नाहीये, गारे."

बाहेर कुणाची तरी ताटांची गाडी खडखडत गेली. राव्दनाचं बोट अजून कागदावरच होतं, त्या पांढऱ्या जागेवर, जिथं वर्षानुवर्षं ती स्वतः असायची. मग तिनं विचारलं, कधीपासून? गारेन म्हणाली, हे चौथं वर्ष.

मी ओरडण्याची वाट बघत होते. राव्दना ओरडली की भिंती हलतात, आणि खरं सांगते, त्या वेळी ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खुर्ची चाचपून खाली बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जनावरं गेली असती," गारेन म्हणाली. "मग रोज फोनवर मी तुझ्याशी काय बोलले असते, ताई?"

राव्दनानं तोंड खिडकीकडे फिरवलं. मी कॉफी आणली, त्यात आमच्या रीतीनं चीजचे तुकडे घातले, दोघींनी घोटही घेतला नाही. मला वाटत होतं की आता ती शेजारच्या टोळीच्या म्होरक्याला फोन लावायला सांगेल. तिचा शब्द होता तो, वडिलांच्या मरणावर दिलेला, आणि राव्दना शब्द फिरवत नाही. गारेनलाही तेच वाटत असणार. ती टोपी हातात घेऊन, जायला निघाल्यासारखी बसली होती.

शेवटी राव्दनानं विचारलं की तळ्यावर उतरायच्या जागी फोन लागतो का. गारेन म्हणाली, लागतो. आणि पलीकडच्या टेकडीवर? तिथंही लागतो. मधे मात्र नाही.

"मग उतरताना मला सांगायचं आणि वर चढल्यावर सांगायचं. मधे मी फोन धरून बसेन. सार निवायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला तर मी सगळं पठार उठवीन. तुझ्या मागं कोण आहे असं आता कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

गारेननं मान हलवली. राव्दनाला ती दिसली नसावी, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, ती हो म्हणतेय.

जुलैत राव्दनाच्या डोळ्यांतलं उरलंसुरलंही गेलं. फोटो तिच्या खोलीत आहे, पण आता तो येणारे-जाणारेच बघतात आणि वा वा करतात. निल्लास एकदा येऊन आत्याची माफी मागून गेला. शेजारच्या टोळीनं गारेनला दोनदा निरोप दिला की आमच्यात ये. तिनं उत्तर दिलेलं नाही. तिला माणसांत राहायची सवय राहिलेली नाही, आणि हे ती मला स्वतः म्हणाली.

यंदाच्या वसंतात, सकाळी नाश्त्याच्या वेळी, पहिला फोन आला. गारेन म्हणाली, "उतरतेय." राव्दनानं बरं म्हटलं, फोन दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर ठेवला. मी दुपारसाठी केलेल्या साराची एक वाटी तिच्यासमोर आणून ठेवली. ती काही खाईना. तिला कुणी हाक मारली तर ती हात वर करायची, गप्प म्हणून. वाटीतली वाफ गेली, मग साराला वरून चरबीची साय धरली. बाजूच्या खोलीतली म्हातारी गप्पा मारायला आली तिला मी दारातूनच परत पाठवलं. शेजारच्या टोळीचा नंबर मी कागदावर लिहून ठेवला होता आणि तो माझ्या हातात ओला झाला होता. राव्दना म्हणाली, "एल्ले, सार गार झालं का?" मी बोट घालून बघितलं. गार झालं होतं. मी म्हटलं, अजून कोमट आहे.

फोन वाजला. आवाज इतका धापा टाकत होता की खोलीभर ऐकू आला. गारेन म्हणाली की पोचले, सगळी आली. राव्दनानं विचारलं, शेवटचंही? शेवटचंही. कुत्रा? तोही. मग दोघींपैकी कुणीही फोन ठेवला नाही. पलीकडून वारा ऐकू येत होता, घंटा ऐकू येत होती. राव्दना डोळे मिटून ऐकत बसली. मी वाटी उचलली आणि सार परत गरम करायला घेऊन गेले.